फ्लोरिडातले टाइमशेअर पॉइंट्स: डेव्हलपरचा सौदा रद्द केला, रिसेलचे वापरतेय

ऑर्लँडोत टाइमशेअरचे पॉइंट्स (म्हणजे दर वर्षी रिसॉर्टमध्ये काही दिवस राहायचा विकत घेतलेला हक्क) नुकतेच घेतले असतील आणि ठेवावेत की रद्द करावेत असं मनात घोळत असेल, तर आधी करारात सहीच्या जागेच्या अगदी वर ठळक अक्षरांत छापलेला परिच्छेद शोधा आणि शेवटची तारीख फ्रिजवर लावा. माझं पुराण नंतर वाचलंत तरी चालेल.

फ्लोरिडाच्या कायद्यात टाइमशेअरसाठी ७२१ क्रमांकाचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात खरेदीदाराला दहा दिवस दिलेत. सही केली तो दिवस किंवा द्यायलाच हवीत अशी सगळी कागदपत्रं हातात पडली तो दिवस, यांतला जो नंतरचा असेल त्यापुढचे दहा. कॅलेंडरचे दहा, शनिवार-रविवारसकट. कारण सांगायचं नाही, दंड भरायचा नाही. हा हक्क सोडतो असं तुमच्याकडून कोणी लिहून घेतलं तरी त्याला कायद्यात किंमत नाही. मात्र रद्द करायचं ते लेखीच, करारात दिलेल्या पत्त्यावर. पत्र पाठवल्याची तारीख धरतात, पोचल्याची नाही. सेल्समनला फोन करून ‘आम्हाला नको’ म्हणणं म्हणजे काहीच न करणं. आणि फ्लोरिडाचे दहा दिवस सगळीकडे लागू समजू नका. नेवाडात पाचच मिळतात, हवाईत सात. नेवाडातल्या लास वेगासला सही करून शुक्रवारी घरी परतलेल्या माणसाकडे फार वेळ उरलेला नसतो.

आता आमचं. आम्ही न्यू जर्सीचे. इथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांचं अधिवेशन असतं, गुरुवार-शुक्रवार शाळा बंद, आणि त्या दिवसांत निम्मं एडिसन (इथलं भारतीयांचं गाव) ऑर्लँडोच्या रांगांमध्ये भेटतं. तिकडे त्याला ‘जर्सी वीक’ असंच नाव पडलंय. आम्ही दरवर्षी जाणारे, त्यामुळे पार्कच्या स्वस्त तिकिटांच्या बदल्यात टाइमशेअर विकणाऱ्यांच्या प्रेझेंटेशनला बसायला काही वाटलं नाही. दीड तास सांगितलं होतं, सकाळ गेली. सेल्समन बाई गोड होत्या, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाहीये. त्यांनी टॅब्लेटवर एक्स्चेंजच्या (आपला आठवडा देऊन दुसरीकडचा घ्यायच्या) यादीतलं गोवा काढलं आणि सासूबाईंसमोर धरलं. त्यानंतर आमच्या टेबलवरचं मतदान तीन विरुद्ध शून्य झालं.

सौदा असा होता: दोन बेडरूमच्या युनिटचा वर्षाला एक आठवडा भागेल एवढे पॉइंट्स, किंमत २४,५०० डॉलर. २,५०० तिथेच क्रेडिट कार्डावर. उरलेल्या २२,००० साठी त्यांचंच कर्ज, १५.९९ टक्क्यांनी, दहा वर्षांचं. हप्ता साधारण ३६८ डॉलर. टेबलवर सगळी चर्चा या ३६८ वर होते, ‘महिन्याला एवढं तर तुम्ही बाहेर जेवण्यावर घालवता’ वगैरे. दहा वर्षांच्या हप्त्यांची बेरीज कोणी करून दाखवत नाही. ती ४४,२०० च्या आसपास होते. व्याजच मुद्दलाएवढं.

आणि त्यात मेंटेनन्स फी नाही. ती आमच्या पॉइंट्सवर वर्षाला १,१५० डॉलर होती. दर वर्षी पाच टक्के वाढ धरली तर विसाव्या वर्षी २,९०० च्या वर जाते, वीस वर्षांची बेरीज ३८,०००. तुम्ही गेलात, न गेलात, आजारी पडलात, नोकरी गेली, फी येतेच. आमची डीड, म्हणजे मालकीचा दस्त, कायमस्वरूपी होती. हा मोठा फायदा म्हणून सांगतात, पण डीड कायमची म्हणजे फीही कायमची. सगळ्या क्लबांचं (पॉइंट्स विकणाऱ्या रिसॉर्ट-साखळ्यांचं) असं नसतं. डिस्नीच्या बोर्डवॉक आणि बीच क्लबच्या करारांची मुदत जानेवारी २०४२ ला संपते, म्हणजे शेवट कुठे आहे हे निदान कळतं.

नवऱ्याचं म्हणणं ठेवूया असं होतं आणि त्याच्या म्हणण्यात दम होता. “आपण दरवर्षी जातोच ना? हॉटेलच्या दोन खोल्या, तिन्ही वेळचं बाहेरचं खाणं, आईंना ते चालत नाही. मग घर घेतलं तर बिघडलं कुठे?” मी म्हटलं, “अरे, जागा छानच आहे. जागेबद्दल माझं भांडणच नाही.” रद्द करावं का या प्रश्नात जवळजवळ सगळे जागेकडे बघतात: रिसॉर्ट आवडलं, मुलं खूश झाली, म्हणून ठेवूया. जागा उद्याही तिथेच असणार आहे. विचार करायचा तो विकणाऱ्याचा आणि किमतीचा. त्याच क्लबचे, त्याच रिसॉर्टचे, तेवढेच पॉइंट्स जुन्या मालकांकडून, म्हणजे रिसेलमध्ये, कितीला मिळतात हे त्या रात्री हॉटेलच्या खोलीत शोधलं. विकायला ठेवलेले बरेच होते, दोन हजार डॉलरच्या आसपास, काही त्याहून खाली. मेंटेनन्स फी दोन्हीकडे एकच. मग वरचे बावीस हजार कशाचे? आम्हाला मिळालेली स्वस्त तिकिटं, हॉटेलांच्या लॉबीतले स्टॉल, तो नाश्ता, गोड बाईंचं कमिशन: या सगळ्याचा मोठा भाग किमतीत बसवलेला असतो. शोरूमबाहेर पडताच गाडीची किंमत उतरते तसंच, फक्त इथे गाडी भंगाराच्या भावाला येते.

सगळ्या क्लबांत घसरण एवढी नसते हे सांगायला हवं. डिस्नीचे पॉइंट्स रिसेलमध्ये बरीच किंमत धरून असतात. पण तिथेही १९ जानेवारी २०१९ पासून जुन्या रिसॉर्टचे पॉइंट्स रिसेलने घेणाऱ्याला रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टमध्ये बुकिंग मिळत नाही. म्हणून आपल्या क्लबचा भाव आणि आपल्या क्लबच्या अटी आपणच बघाव्यात, मित्राच्या क्लबवरून अंदाज बांधू नये.

शेवटी नवरा तयार झाला तो एका साध्या हिशेबाने. रद्द केलं आणि नंतर वाटलं की घ्यायलाच हवं होतं, तर डेव्हलपर, म्हणजे रिसॉर्ट बांधून पॉइंट्स विकणारी कंपनी, पुन्हा विकायला एका पायावर तयार असणार. ‘आजचाच भाव’ उद्याही असतो, बहुतेक थोडा कमीच. ठेवलं आणि नंतर वाटलं की नको होतं, तर दहा दिवस परत मिळत नाहीत. मग हाच पॉइंट विकायला गेलात की त्याच दोन हजारांच्या रांगेत तुम्ही.

पत्र चार ओळींचं लिहिलं. करार क्रमांक, सहीची तारीख, दोघांची नावं, ‘हा करार रद्द करत आहोत, भरलेले पैसे परत करा’, खाली दोघांच्या सह्या. करारावर ज्यांच्या सह्या आहेत त्या सगळ्यांनी पत्रावर करावी. कारणं लिहिली नाहीत, लिहूही नयेत, उगाच वादाला तोंड फुटतं. पोस्टातून सर्टिफाइड मेलने, पोच परत येईल अशा हिरव्या कार्डासकट पाठवलं आणि पावतीचा फोटो काढून ठेवला. पत्र कुठे पाठवायचं ही माहिती कागदपत्रांच्या जाडजूड पिशवीत आहे, पण आमच्या करारात पत्ता भलत्याच पानावर होता, सेल्स ऑफिसचा नव्हे. तो नीट बघा.

मग फोन आले. आधी गोड बाईंचा, मग त्यांच्या वरच्याचा. अर्धे पॉइंट्स, कमी व्याज, एक वर्ष बघा मग ठरवा. ‘एक वर्ष बघा’वर नवरा किंचित हलला होता. आम्ही एकच वाक्य म्हणत राहिलो: पत्र पाठवलंय. कायद्याने नोटीस मिळाल्यापासून वीस दिवसांत पैसे परत द्यायचे असतात (चेक वटायचा बाकी असेल तर वटल्यावर पाच दिवस, यांतलं जे नंतरचं ते). आमचे क्रेडिट कार्डावर त्या मुदतीत जमा झाले. पार्कची तिकिटं कोणी परत मागितली नाहीत.

रिसेलचे पॉइंट्स आम्ही लगेच नाही, हिवाळ्यात घेतले. १,९०० डॉलर मालकाला, क्लोजिंग (व्यवहार पुरा करून देण्याचा खर्च) आणि ट्रान्सफरचे मिळून ८५० च्या घरात. इथे घाई चालत नाही. विकणाऱ्याकडे फीची थकबाकी आहे का याचं पत्र रिसॉर्टकडून मागवावं लागतं, त्याच भावाला स्वतः विकत घ्यायचा पहिला हक्क डेव्हलपरकडे असतो, त्यांनी तो सोडला की डीडची ऑर्लँडोच्या ऑरेंज काउंटीत नोंद होते, आणि मग क्लब आपल्या नावाचं खातं उघडायला आपल्या सवडीने वेळ घेतो. पैसे विकणाऱ्याला थेट देऊ नका, क्लोजिंग कंपनीच्या एस्क्रोमध्ये (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात) ठेवा. विकणाऱ्याच्या या वर्षीच्या पॉइंट्सपैकी किती उरलेत आणि या वर्षीची फी कोण भरणार, हे करारात लिहून घ्या. आमच्या विकणाऱ्या काकांनी पुढच्या वर्षीचेही पॉइंट्स उसने काढून वापरलेले निघाले. भाव त्यावर खाली आला.

वापराबद्दल. युनिट उत्तम. पूर्ण स्वयंपाकघर, वॉशर-ड्रायर, दोन बाथरूम. सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, त्यांनी कुकर आणि तवा बॅगेत घातला आणि पार्कमधून सहा वाजता परतल्यावर वरणभात मिळाला. ज्यांनी आठवडाभर पिझ्झा आणि चिकन नगेट्स काढलेत त्यांना हे किती मोठं सुख आहे ते कळेल. काचेच्या शेगडीवर पोळ्या फुगत नाहीत, एवढी एकच तक्रार आली. हॉटेलपेक्षा शांत झोप, मुलांना वेगळी खोली, रोज टॉवेल बदलायला कोणी येत नाही याचंही आम्हाला काही नाही.

बुकिंग हे काम आहे. पॉइंट्स असले म्हणजे खोली मिळाली असं होत नाही. आपल्या रिसॉर्टला बाकी सभासदांच्या आधी बुकिंग करता येतं, पण तो फायदा बुकिंग सुरू होतं त्या सकाळीच बसणाऱ्याला. जर्सी वीक, नाताळ, ईस्टर या आठवड्यांचं एक वर्ष आधी ठरवावं लागतं. ज्या घरात दिवाळीची सुट्टी टाकायची की नाही हे आदल्या आठवड्यात ठरतं, त्यांनी या भानगडीत पडू नये. आणि गोवा? एक्स्चेंजची वर्गणी वेगळी, दर बदलीची फी वेगळी, आणि डिसेंबरचा आठवडा शोधला तर काही दिसेना. जुलैत मात्र हवा तेवढा. सासूबाईंचं म्हणणं, भर पावसात गोव्याला जाण्यापेक्षा सांगली काय वाईट.

रिसेलवाल्यांना काय मिळत नाही: वरच्या श्रेणीचं सदस्यत्व, क्रूझ किंवा विमानाच्या तिकिटांत पॉइंट्स बदलणं, काही नवी रिसॉर्टं. यातलं मला काहीही अडलेलं नाही. पॉइंट्स देऊन क्रूझ घेणं तर मूळ मालकांनाही तोट्यातच जातं, हिशेब करून बघा. चेक-इनच्या शेजारच्या टेबलवर पार्किंगचा पास देताना ‘मालकांसाठी माहिती सत्र’ म्हणून पुन्हा बसवायचा प्रयत्न होतो. तुमचे पॉइंट्स अपुरे आहेत, थोडे आमच्याकडून घेतलेत तर सगळे ‘पक्के’ होतील, असं तिथे ऐकवतात. पास चेक-इनच्या काउंटरवरही मिळतो.

दुसरा ताप फोनचा. डीड सार्वजनिक नोंद असल्यामुळे नाव-पत्ता कोणालाही मिळतो, आणि ‘तुमचे पॉइंट्स घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त कर आधी भरा’ असे फोन येतात. हसण्यावारी नेऊ नका. मेक्सिकोतल्या पोर्टो व्हायार्टाकडून चालणाऱ्या अशाच टाइमशेअर फसवणुकीसाठी अमेरिकेच्या अर्थखात्याने २०२३ मध्ये एका ड्रग कार्टेलशी जोडलेल्या लोकांवर निर्बंध घातले होते. आधी पैसे मागणारा कोणीही असो, फोन ठेवा.

डेव्हलपरकडून घेतलेलं कोणी ठेवावं? ज्यांना वरच्या श्रेणीच्या सवलती खरोखर वापरायच्या आहेत, दर वर्षी अनेक आठवडे फिरतात आणि पूर्ण रक्कम रोख भरू शकतात, अशी काही घरं असतील. डेव्हलपरच्या कर्जावर घेणाऱ्याचं गणित मला कुठल्याच बाजूने बसवता आलेलं नाही. आणि दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्यांनी रिसेलही घेऊ नये. आमच्याच रिसॉर्टला मालकांकडून तेवढंच युनिट आठवडाभर १,२०० ते १,४०० डॉलरला भाड्याने मिळतं. फीपेक्षा थोडंच जास्त, आणि न गेलात त्या वर्षी शून्य. खरं तर आमचाही फायदा एवढाच की ठरावीक आठवड्याची खात्री आणि पहिल्या रांगेतलं बुकिंग. फी वर्षाला ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढायला लागली की आम्ही विकून भाड्याच्या बाजूला जाणार, हे आमचं आधीच ठरलंय.

दहा दिवस उलटून गेलेत अशांसाठी: ‘आम्ही तुम्हाला टाइमशेअरमधून सोडवतो’ म्हणून काही हजार आधी मागणाऱ्या कंपन्यांकडे जाण्याआधी आपल्या रिसॉर्टलाच लेखी विचारा. कर्ज फिटलेलं आणि फीची थकबाकी नसलेलं युनिट परत घेण्याची योजना बऱ्याच क्लबांकडे असते. फोनवर पहिल्या माणसाने नाही म्हटलं, तर मालकांची खाती बघणाऱ्या विभागाचा पत्ता मागून तिथे लिहा.