अँड्रॉइडचं थेफ्ट प्रोटेक्शन: नागपूरच्या गर्दीत वापरून काय वाटलं

मागच्या पावसाळ्यात फोनमधलं थेफ्ट प्रोटेक्शन, म्हणजे चोरीपासून बचावाच्या सोयी, सगळं चालू केलं आणि तसंच ठेवलं. तेव्हापासून मारबतीची मिरवणूक झाली, दसऱ्याची दीक्षाभूमी झाली, सीताबर्डीवरची दिवाळीची खरेदी झाली. फोन चोरीला गेला नाही, तेव्हा ‘याच्यामुळे वाचलो’ वगैरे सांगणार नाही. पण कोणतं बटण कामाचं आणि कोणतं शोभेचं, एवढं कळलं.

गूगलने हे २०२४ मध्ये आणलं. यातलं बरंचसं अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनवर चालतं. सेटिंग्जमध्ये गूगल, मग ऑल सर्व्हिसेस, तिथे थेफ्ट प्रोटेक्शन. काही कंपन्यांच्या फोनवर जागा वेगळी असते, सर्चमध्ये ‘थेफ्ट’ टाकलं की सापडतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो: यातलं काहीही फोन परत आणून देत नाही. फोन गेला तर पंधरा-वीस हजार गेले. खरी भीती त्यातल्या यूपीआयची, मेलची आणि बँकेच्या ओटीपीची. त्या हिशेबाने पाहिलं तर ज्या फीचरची सगळ्यात जास्त चर्चा होते तेच मला सगळ्यात कमी कामाचं वाटलं.

ते म्हणजे थेफ्ट डिटेक्शन लॉक. कुणी हातातून फोन हिसकावून पळालं तर फोन हालचालीवरून ओळखतो आणि स्क्रीन लॉक करतो. फुटाळ्यावर मित्राला सांगून करून पाहिलं. तो पायी पळाला तेव्हा कधी लॉक झाला, कधी गडी पुढे जाऊन माझं व्हॉट्सॲप वाचत उभा. गाडीवर मागे बसून ओढला तेव्हा निकाल बरा होता. उलट एकदा आपली बस पकडायला मीच फोन हातात घेऊन धावलो, तर माझ्याच हातात लॉक! मित्र म्हणाला, “काऊन बे, तुहा फोन तुलेच चोर समजते का?” तोटा काही नाही, बोट लावलं की उघडतो. म्हणून चालूच आहे. पण आपल्याकडे फोन जातो तो बहुतेक खिशातून, आणि खिशातला फोन आधीच लॉक असतो. कॉटन मार्केटात सकाळी उभं राहून पाहा. माणूस सांबार (कोथिंबीर) निवडायला वाकतो, शर्टाच्या वरच्या खिशातला फोन अर्धा बाहेर येतो, शेजारच्याच्या हातावर रिकामी थैली आडवी असते. तिथे सेन्सर काय करणार? त्यापेक्षा पँटचा पुढचा खिसा बरा.

ऑफलाइन डिव्हाइस लॉक मात्र मुकाट काम करतं. चोर नेट बंद करतो म्हणजे फोनचा माग लागत नाही. उघडा फोन असा काही वेळ नेटबाहेर राहिला की हे स्क्रीन लॉक करतं. पेंचकडे गेलो तेव्हा रेंज नव्हती, तिथे लॉक झालेला दिसला. सोबत एक गोष्ट कराच: लॉक स्क्रीनवरून एअरप्लेन मोडचं बटण दाबता येणार नाही असं सेटिंग असेल तर लावा. सॅमसंगमध्ये ते ‘लॉक नेटवर्क अँड सिक्युरिटी’ या नावाने आहे.

रिमोट लॉकला मी पैकीच्या पैकी देतो. फोन गेल्यावर दुसऱ्याच्या फोनवरून गूगलमध्ये शिरायला जा, तर पडताळणीचा मेसेज त्याच चोरीच्या फोनवर जातो. रिमोट लॉकला पासवर्ड लागत नाही. अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक उघडा, आपला नंबर टाका, स्क्रीन लॉक. अट एवढीच की हे आधी चालू करून नंबर पडताळलेला हवा, आणि फोन नेटवर हवा. पानटपरीवाल्याच्या फोनवरूनही जमतं. घरच्यांना हा पत्ता पाठ करायला लावला आहे.

आयडेंटिटी चेकवर माझा राग-लोभ दोन्ही आहे. हे नव्या फोनवरच मिळतं. पाणीपुरीच्या गाडीवर कुणी मागून आपला पिन पाहिला आणि फोन लंपास केला, तरी घराबाहेर महत्त्वाचं सेटिंग बदलायला बोट किंवा चेहराच लागतो, नुसता पिन चालत नाही. कल्पना झकास. पण माझं दुकान इतवारीत, हार्डवेअरचं. दिवसभर सिमेंट-चुन्यात हात, संध्याकाळी बोट लागतच नाही. शेवटी दुकानाचा पत्ता ‘ट्रस्टेड प्लेस’मध्ये, म्हणजे जिथे ही सक्ती नसते अशा भरवशाच्या जागांत, टाकला तेव्हा सुटलो.

या यादीत नसलेली पण मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे सिमचा पिन. चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. पिन असला की सिम गप्प. मात्र पहिला पिन सिमच्या कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका; तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडायचा कोड, कंपनीकडे मागत बसावं लागतं.

फोन गेलाच तर सीईआयआर, म्हणजे चोरीचे-हरवलेले फोन ब्लॉक करणारी सरकारी यंत्रणा. दुकानातल्या पोराचा फोन बुधवार बाजारात गेला तेव्हा सगळं जवळून पाहिलं. पोलीस ठाण्यात ‘चोरी कशाला, हरवला लिहा’ असं ऐकावं लागलं. तो अडून बसला तेव्हा चोरीची तक्रार घेतली. मग तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून संचार साथी या सरकारी वेबसाइटवर फोन ब्लॉक केला. त्यासाठी त्याच नंबरवर ओटीपी लागतो, म्हणजे आधी डुप्लिकेट सिम. आणि नव्या सिमवर एसएमएस चोवीस तास बंद असतात, तेव्हा नवं सिम घ्यायला त्याच दिवशी पळा. ब्लॉक झालेला फोन देशात कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. आयएमईआय *#०६# दाबून आजच लिहून ठेवा, बॉक्स रद्दीत गेला असेल तर नंतर शोधाशोध होते.

बाबांच्या फोनवर मी फक्त रिमोट लॉक, ऑफलाइन लॉक आणि सिमचा पिन लावला आहे. आयडेंटिटी चेक त्यांच्याकडे बंदच. त्यांच्या बोटाचे ठसे आधार केंद्रावरसुद्धा उमटत नाहीत.