एनसीसीची रायफल की क्लबची? आठवी-नववीतल्या मुलांच्या पालकांसाठी

शाळा सुरू झाल्या की मैदानावर एनसीसीची निवड होते. उंची मोजतात, धावायला लावतात, आणि त्या आठवड्यात एखाद्या तरी ओळखीच्या घरून मला फोन येतो : "पोरीला रायफल चालवायचीय. एनसीसीत घालू की सरळ नेमबाजीच्या क्लबात?" मी पहिली गोळी झाडली ती शाळेत, ज्युनिअर विंगची (एनसीसीच्या शाळकरी मुलींच्या शाखेची) कॅडेट असताना. पुढे काही वर्षं क्लबात एअर रायफल धरली. फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगते ते इथं सलग लिहिते.

एनसीसीत हातात येते ती पॉइंट २२ बोअरची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीला हातानं खटका मागंपुढं करावा लागणारी. वजन पावणेतीन किलोच्या आसपास. मातीवर किंवा सतरंजीवर पालथं पडायचं, पाय फाकवायचे, दस्ता खांद्यात घट्ट रुतवायचा. उस्ताद हिंदीतून "भर" म्हणतात, बोल्ट पुढं सरकतो, आणि २५ यार्डांवरचा कागद एकदम फार लांब वाटायला लागतो. खरी दारू, खरा बार, खांद्याला बसणारा हलका धक्का. पाच गोळ्या झाल्या की कागदाजवळ जाऊन 'ग्रुपिंग' बघायचं : भोकं मधोमध आहेत की नाहीत यापेक्षा ती एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे आधी बघतात. हे फार शहाणपणाचं आहे. पाचही गोळ्या डाव्या कोपऱ्यात पण एकाच जागी बसल्या, तर पोराचा हात स्थिर आहे. साइट, म्हणजे नळीवरची नेम धरायची खूण, नंतर सरकवता येते. शेवटी रिकाम्या केसेस, म्हणजे झाडलेल्या गोळ्यांची आवरणं, गोळा करून मोजून परत द्यायच्या. एकही कमी चालत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी शस्त्राची ही शिस्त अंगात मुरली की ती कायमची राहते, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी एनसीसीची बाजू घेईन.

क्लबातली रायफल वेगळी आणि खेळही वेगळा. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, १० मीटर अंतर, आणि नेम उभ्यानं. रायफल साडेपाच किलोपर्यंत जड असू शकते. जाड कॅनव्हासचं जॅकेट, ताठ पँट, सपाट तळाचे बूट. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, म्हणजे पेनाचं टोक टेकवल्याएवढा. मोठ्या स्पर्धेत सव्वा तासात ६० छर्रे. दशांशात गुण मोजतात तेव्हा एका छर्ऱ्याला जास्तीत जास्त १०.९, म्हणजे एकूण ६५४. आवाज फट् एवढाच. बाहेरून बघणाऱ्याला काही घडतंय असं वाटतही नाही, पण आत पाठ, श्वास, नाडी आणि बोट यांची सगळी गणितं चाललेली असतात.

दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक मात्र बंदुकीचा नाही, संख्येचा आहे. साध्या कॅडेटच्या वाट्याला दोन वर्षांत गोळ्या येतात मोजक्या : शिबिरात पाच, पुन्हा कधीतरी पाच-दहा. बटालियनच्या फायरिंग टीममध्ये नाव आलं तर चित्र पालटतं, पण तिथं पोचणारी मुलं थोडी. क्लबात एका संध्याकाळी ६०-७० छर्रे सहज जातात, शिवाय छर्रा न भरता चाप दाबण्याचा सराव वेगळा. नेमबाजी हा एकच कृती हजारदा तशीच करण्याचा खेळ आहे. त्यामुळे मुलीला स्पर्धेत उतरायचंच असेल तर नुसत्या एनसीसीवर तिला ठेवू नका, हे मी स्पष्टच सांगते.

दुसरा फरक निवडीचा. क्लबातल्या मुलानं अर्ज भरला, प्रवेश फी भरली की तो जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धेत उभा राहू शकतो. गुण लागले तर पुढे मावळंकर स्पर्धा आणि तिथून राष्ट्रीय. (ज्यांच्या नावानं ही स्पर्धा आहे ते दादासाहेब मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली ती त्यांच्या पुढाकारानं. मराठी घरातल्या मुलांना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.) एनसीसीत स्वतःहून अर्ज करता येत नाही, तुम्हाला निवडलं जातं. युनिट, मग ग्रुप, मग महाराष्ट्र डायरेक्टोरेट, मग दिल्लीचा थल सैनिक कॅम्प, म्हणजे देशभरातल्या निवडक कॅडेटचं शिबिर. तिथं फायरिंगबरोबर नकाशावाचन, अडथळ्यांची शर्यत, अंतराचा अंदाज हेही असतं. आणि त्याआधी एकामागून एक निवड शिबिरं, दहा-दहा दिवसांची. नववीच्या पहिल्या सत्रातला अभ्यास त्यात बुडतो, हे आधीच धरून चाला. एनसीसीचे संघ मावळंकर आणि राष्ट्रीय स्पर्धेतही उतरतात, त्यामुळे वरच्या टोकाला हे दोन रस्ते एकमेकांना भेटतात.

पैशाचं सरळ आहे. एनसीसीत गणवेश, शिबिर, गोळ्या बहुतेक सगळं सरकारचं. क्लबात महिन्याची फी, छर्रे, स्पर्धेचा प्रवास. नवी परदेशी एअर रायफल दोन लाखांच्या पुढं जाते, किट वेगळं. पण पहिल्याच वर्षी रायफल घेणारे पालक मी खूप पाहिलेत, आणि त्यातल्या बऱ्याच रायफली आज कपाटावर आहेत. वर्षभर क्लबची रायफल वापरा. शालेय स्पर्धांत ओपन साइट (साध्या खाचेतून नेम) आणि पीप साइट (बारीक भोकातून नेम) असे वेगळे गट असतात. ओपन साइटपासून सुरुवात केली तर खर्च पुष्कळ आवरतो. स्पर्धेच्या या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, पॉइंट २२ ला लागतो, हेही लक्षात असू द्या.

अंतर हा मुद्दा शहरातल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. मुंबईत वरळीची रेंज, पुण्यात बालेवाडी, कोल्हापुरात तर नेमबाजीची परंपराच. पण तालुक्याच्या गावात जवळची रेंज दीड तासावर असेल तर आठवड्यातून तीनदा पोराला कोण नेणार? तिथं शाळेची एनसीसी हाच खरा दरवाजा. किंवा शासनाची क्रीडा प्रबोधिनी, म्हणजे खेळाडू मुलांची निवासी शाळा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ साली प्रबोधिनीत गेला, तिथं त्यानं नेमबाजी निवडली, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं) कांस्यपदक घेतलं.

त्या तीन पोझिशनांतली एक पालथं झोपून असते आणि रायफल पॉइंट २२ ची. म्हणून "एनसीसीत झोपून मारतात, त्यात काय मोठंसं?" असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली ती ५० मीटर प्रोनमध्येच, म्हणजे पालथं झोपूनच. अंतर एनसीसीच्या दुप्पट, साधनं कितीतरी अचूक, पण कोपराखालची जमीन तीच. आणि अंजली भागवत तर एनसीसीतूनच या खेळात आल्या : मुंबईच्या कीर्ती कॉलेजच्या कॅडेट, तिथून महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर, आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत.

मग काय करावं? मुलगा चुळबुळ्या असेल, मैदान-परेड-शिबिर यांनी फुलणारा असेल, फौजेचं आकर्षण असेल, तर एनसीसी, डोळे मिटून. फायरिंग त्यात मिळेल तेवढं मिळेल. मुलगी शांत असेल, एकच गोष्ट तासभर करत बसणारी असेल, आणि रेंज अर्ध्या तासावर असेल, तर क्लब. दोन्ही जमत असेल तर आठवीत एनसीसी घ्या आणि दिवाळीनंतर क्लब सुरू करा. शालेय स्पर्धेत ती शाळेच्या नावानंच खेळेल, कॅडेट असण्याची आडकाठी नाही. श्वास आणि चाप एकीकडून दुसरीकडे बरोबर येतात. उभं राहणं मात्र नव्यानं शिकावं लागतं, आणि पहिले दोन महिने कंबर दुखते.

नाव घालण्याआधी एनसीसीच्या शिक्षकांना विचारा, गेल्या वर्षी शाळेतल्या किती कॅडेटनी प्रत्यक्ष गोळी झाडली. क्लबात विचारा, एका लेनवर किती मुलं आणि क्लबच्या रायफली किती. आणि कुठंही जाण्याआधी डोळे तपासून घ्या. माझ्याबरोबरच्या एका मुलीचे छर्रे वर्षभर पसरत होते, सगळे तिला हात थरथरतो म्हणायचे. शेवटी निघाला पाऊण नंबर.