छापखान्याची कॉम्प्युटर एएमसी : वर्षभर वापरल्यानंतरचं मत

मार्चमध्ये लग्नपत्रिका आणि नव्या आर्थिक वर्षाची बिलबुकं एकदमच अंगावर येतात. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या फायलींच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. सकाळी आतून टक्‌टक् आवाज, मग निळा पडदा, मग काहीच नाही. दुपारच्या चहापर्यंत नवी डिस्क (एसएसडी) बसली, फायली जागेवर आल्या आणि डीटीपीचे (कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणारे) काका दुसरं प्रूफ काढायला बसले. त्या दिवशी सकाळी जे काम झालं होतं तेवढंच गेलं, बाकी एक ओळ हलली नाही. त्याच आठवड्यात एएमसीच्या (कॉम्प्युटरच्या देखभालीच्या वार्षिक कराराच्या) नूतनीकरणाचं बिल आलं आणि घरात पुन्हा तोच प्रश्न निघाला : एवढे पैसे कशासाठी द्यायचे? मला उत्तर द्यायचं होतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमचा छापखाना नारायण पेठेत. सासऱ्यांच्या काळात ट्रेडल छपाईयंत्र आणि खिळे (शिशाची अक्षरं), आता ऑफसेट, म्हणजे प्लेटवरून छपाई. कॉम्प्युटर नऊ : डीटीपीला चार, हिशेबाला दोन, प्लेटला एक, काउंटरवर एक आणि फायलींचा एक. एएमसीचे महिन्याला साडेसहा हजार, वर जीएसटी 18 टक्के. पार्ट लागला तर त्याचे पैसे वेगळे. जीएसटीचं क्रेडिट आम्हाला मिळतं, त्यामुळे मी वर्षाचे 78 हजारच धरते. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (तिथे क्रेडिट मिळत नाही) असाल तर पूर्ण रक्कम तुमच्याच खिशातून जाते, हे आधी लक्षात घ्या.

त्याआधी आमची पद्धत बहुतेकांची असते तीच होती. बिघडलं की बुधवार पेठेतल्या दुरुस्तीवाल्याला फोन, तो गाडी काढून येणार, व्हिजिटचे पाचशे-सातशे घेणार. माणूस हुशार आणि सचोटीचा, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. दोन कॉम्प्युटर होते तेव्हा तो पुरत होता. पण त्याला पैसे मिळतात ते बिघाड झाल्यावर. बिघाड होण्याआधी कोणी येऊन बघावं, याचे पैसे आपण कोणालाच देत नसतो. नऊ कॉम्प्युटर झाले, टॅली, ई-मेल, यूपीआय, जीएसटी सगळं त्यांच्यावर आलं, तेव्हा ही पद्धत महाग पडू लागली. ते व्हिजिटच्या बिलात दिसत नाही. डीटीपीचे चार लोक अर्धा दिवस बसून राहतात त्यात दिसतं.

सुरुवातीचे महिने मी नाराज होते. प्रत्येक तक्रार व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायची, मग नंबर (त्यांच्या भाषेत 'तिकीट') मिळणार, मग कोणीतरी फोन करणार. मी सरळ कंपनीच्या मुलाला फोन केला तर तो म्हणायचा, "ताई, आधी तिकीट टाका ना." ग्राहक काउंटरवर उभा असताना हे ऐकायला फार त्रास होतो. पावसाळ्यापर्यंत माझं मत ठाम होतं की पैसे वाया चालले आहेत, वर्ष संपलं की बंद करायचं.

पण मला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट मनापासून आवडली होती : लेबलं. करार झाल्यावर दोन मुलं आली आणि कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी त्यांनी टेबलांखालच्या वायरी बाहेर काढल्या. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना पांढरी पट्टी, त्यावर काळी अक्षरं, वरून पारदर्शक टेप. स्विचचं (नेटच्या वायरी जोडायच्या पेटीचं) कुठलं पोर्ट कुठल्या टेबलाला जातं त्याचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. अडॅप्टरवरही पट्टी, कारण राउटरचा अडॅप्टर 12 व्होल्टचा आणि छोट्या कॉम्प्युटरचा 19 व्होल्टचा, दोन्ही काळे, दोन्हींची पिन जवळपास सारखी. 19 चा अडॅप्टर राउटरला लागला तर राउटर कायमचा जाऊ शकतो. आमच्या झाडू मारणाऱ्या मावशींना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी महत्त्वाची लेबलं मराठीत करून मागितली. त्यांनी केली. आता "काढू नका – फायली" असं लिहिलेल्या प्लगला कोणी हात लावत नाही.

याचा उपयोग कळला तो गणपतीत. त्या दहा दिवसांत संध्याकाळी केळकर रोडवरून गाडी आत आणणं कोणालाही शक्य नसतं. एका संध्याकाळी डीटीपीचं नेट बंद पडलं. फोनवरचा मुलगा म्हणाला, "ताई, तक्ता बघा. 'डीटीपी 3' लिहिलेली वायर स्विचमधून काढा, दहापर्यंत मोजा, आता सहा नंबरच्या पोर्टात घाला." नेट चालू झालं. पोर्ट खराब होतं. लेबल नसतं तर मी टेबलाखाली वाकून "कुठली निळी?" असं विचारत बसले असते आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला असता. पुढे स्विच बदलला तेव्हा नवीन मुलाने दोन वायरी लेबल न लावता तशाच सोडल्या. मी चार वेळा आठवण केली, मग त्या महिन्याचं बिल थांबवलं. त्यांच्या मॅनेजरला वाटलं दोन पट्ट्यांसाठी एवढं काय. मला ते क्षुल्लक वाटत नाही. व्यवस्थित काम करणारा माणूस गेल्यावरही त्याचं काम दुसऱ्याला समजलं पाहिजे, आणि आमच्याकडे ते या पट्ट्यांवर लिहिलेलं आहे. लेबलं लागली, बिल दिलं.

तिकिटाबद्दलचं मत बदललं ते दिवाळीनंतर. त्यांनी सहा महिन्यांच्या तक्रारींची यादी छापून आणली. प्लेटचा कॉम्प्युटर अडकतो, ही तक्रार परत परत होती, आणि तारखा बघितल्या तर बहुतेक गुरुवार. पुण्यात गुरुवार म्हणजे महावितरणच्या देखभालीचा वार. वीज गेली की यूपीएसने कॉम्प्युटर बंद करण्यापुरता वेळ द्यायला हवा, तो देत नव्हता. उघडून बघितलं तर बॅटरी फुगलेली. या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या साधारण दोन ते चार वर्षं चालतात आणि वरचा हिरवा दिवा शेवटपर्यंत लागत राहतो. शिवाय त्याच यूपीएसवर लेझर प्रिंटर लावलेला होता. लेझर प्रिंटर आतला रोलर तापवताना एकदम खूप करंट ओढतो, त्यामुळे तो यूपीएसवर लावायचाच नसतो. प्रिंटर भिंतीच्या प्लगवर गेला, बॅटरी बदलली, तक्रार संपली. त्याआधी आम्ही त्या कॉम्प्युटरची रॅम बदलण्याचे पैसे दिले होते. फोनवर सांगितलेल्या तक्रारी कोणाच्या लक्षात राहत नाहीत. लिहिलेल्या होत्या म्हणून त्यातला गुरुवार दिसला. आता मी न कुरकुरता तिकीट टाकते.

बॅकअपबद्दल जरा जास्त लिहिते, कारण छापखानेवाल्यांसाठी यात एक वेगळीच गोम आहे. नियम सगळीकडे सांगतात तोच : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक जागेबाहेर. आमच्याकडे फायलींचा कॉम्प्युटर, माळ्यावरची नॅस पेटी (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कची) आणि क्लाउड. सतत जोडून ठेवलेली एक्स्टर्नल डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, कारण रॅन्समवेअर (फायली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्राम) शिरलं तर जोडलेली डिस्कही कुलूपबंद होते. पण या एएमसीत खरी किंमत वसूल होते ती महिन्याच्या चाचणीत. मी कुठलीही एक जुनी फाइल सांगायची, त्यांनी ती बॅकअपमधून काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवायची.

पहिल्याच चाचणीत मी एक जुनी लग्नपत्रिका मागितली. फाइल उघडली आणि पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. त्या मुलाला वाटलं फाइल खराब झाली. डीटीपीच्या काकांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "फाइल ठीक आहे, फॉन्ट नाहीये." आमचं जुनं काम युनिकोडमध्ये (आजच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत) नाही. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, काही तर पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, ज्याची शेवटची मोठी आवृत्ती 2001 ची. त्या फाइलमध्ये 'क' साठवलेलाच नसतो, एक कोड असतो, आणि त्या कोडाचा 'क' दाखवणं फॉन्टच्या हातात. फॉन्ट गेला की पंचवीस वर्षांचं काम असूनही वाचता येत नाही. बॅकअप फक्त फायलींचा चालू होता, फॉन्ट, जुनी सेटअपं आणि कीबोर्डची मांडणी त्यात नव्हती. चाचणी झाली नसती तर हे मार्चमध्ये, डिस्क गेल्यावर कळलं असतं. ज्यांच्याकडे जुनं मराठी डीटीपी आहे त्यांनी बॅकअपमध्ये फॉन्टचं फोल्डर आहे का ते आजच बघावं, आणि सॉफ्टवेअरचा डोंगल (ते चालू होण्यासाठी कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली) असेल तर त्यालाही लेबल लावावं.

इथेच यांची कमजोरी दिसते. नेटवर्क, विंडोज, टॅली यांत ही मुलं तरबेज आहेत, पण छापखान्याचं काम त्यांना कळत नाही. काकांनी त्यांना शिकवलं. पैसे आम्ही द्यायचे आणि शिकवायचंही आम्हीच, हे मला पटलं नव्हतं, अजून पूर्ण पटलेलं नाही. पण त्यांनी ते लिहून ठेवलं आणि पुढचा मुलगा आला तेव्हा काकांना परत सांगावं लागलं नाही, हेही खरं.

दुसरी नाराजी विक्रीची. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्याआधी त्यांनी नऊच्या नऊ कॉम्प्युटर बदलायचं कोटेशन पाठवलं. मी प्रत्येक कॉम्प्युटरचा हिशेब मागितला. पाच कॉम्प्युटर विंडोज 11 घेत होते. तीन टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि प्रोसेसरच्या अटीत बसत नव्हते, ते बदलले. कॉम्प्युटरवर 40 टक्के घसारा मिळतो, त्यामुळे सीएंनीही मान डोलावली. राहिला पेजमेकरचा, विंडोज 7 वाला, ज्याचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 लाच संपला. तो टाकून दिला तर जुनं काम उघडणार कशावर? त्याचं इंटरनेट तोडलं आणि एका फोल्डरपुरताच रस्ता ठेवला. हा उपाय त्यांनीच सुचवला, पण मी खर्चाला नाही म्हटल्यावर. कोटेशन आलं की एकेक ओळ विचारा.

अपडेटचा हट्ट मात्र मी आता त्यांच्या बाजूने धरते. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. "आमच्या छोट्या दुकानावर कोण हल्ला करणार" असं आपल्या पेठांतले लोक म्हणतात. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्याच कॉसमॉस बँकेतून 94 कोटी गेले, ते ठरवून केलेलं काम होतं. आपल्याकडे कोणी ठरवून येत नाही, पण 'इन्व्हॉइस' नावाची झिप फाइल हजारो पत्त्यांवर जाते, आणि काउंटरवर बिलांची वाट बघणारा माणूस ती उघडतो. तो उघडणारच, ते त्याचं कामच आहे. म्हणून संरक्षण त्याच्या मागे असायला हवं.

खर्चाचा हिशेब मी घरात असा मांडला. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचं) अकरा तारखेला आणि 3बी (कर भरण्याचं) वीस तारखेला. 3बी चुकला तर दिवसाला 50 रुपये लेट फी, कराच्या रकमेवर वर्षाला 18 टक्के व्याज. ही रक्कम लहान आहे. मोठं नुकसान पुढे होतं : आपला जीएसटीआर-1 अकरापर्यंत गेला नाही तर चौदा तारखेला ग्राहकाच्या 2बी मध्ये (त्याच्या क्रेडिटच्या यादीत) आपलं बिल दिसत नाही, त्याचं क्रेडिट अडकतं आणि त्याचा अकाउंटंट पुढची ऑर्डर दुसऱ्या छापखान्याला द्यायचं सुचवतो. आमचे दोन मोठे ग्राहक अशा बाबतीत फार कडक आहेत. हिशेबाचा कॉम्प्युटर दहा तारखेला बंद पडणं 78 हजारांपेक्षा महाग आहे, हे सासऱ्यांनाही पटलं.

कोणी घेणार असाल तर करारात एक कलम नक्की लिहून घ्या. राउटर, नॅस, क्लाउड, डोमेन (वेबसाइट-ई-मेलचा पत्ता), सगळ्यांचे पासवर्ड तुमच्याकडे हवेत आणि डोमेन तुमच्या नावावर हवं. आमच्याकडे ते बंद पाकिटात तिजोरीत आहेत, बदलले की नवं पाकीट येतं. सपोर्टवाला बदलायची वेळ आली तर त्याच्या परवानगीची वाट बघायला लागू नये.

यंदा त्यांनी दर साडेसात हजार मागितला होता, सात हजारांवर तुटला. मी दोन ओळी वाढवून घेतल्या : महिन्याच्या चाचणीत एक युनिकोड आणि एक जुन्या फॉन्टची फाइल उघडलीच पाहिजे, आणि वायर बदलली की लेबल त्याच दिवशी. रविवारची सेवा मात्र त्यांनी मान्य केली नाही. लग्नसराईत आमचा रविवार हा कामाचा दिवस असतो, त्यामुळे एप्रिल-मेपुरते रविवार जादा पैसे देऊन घ्यायचं बोलणं चालू आहे. सीटीपी (कॉम्प्युटरवरून थेट प्लेट बनवणाऱ्या) मशीनला ते हात लावत नाहीत, त्याचा करार वेगळा करावा लागतो आणि तो अजून महागच आहे.