ड्रॉइंगवरून क्वांटिटी काढणारे सॉफ्टवेअर : काही महिन्यांच्या वापरानंतर

बांधकामाचे पीडीएफ ड्रॉइंग उघडायचे, स्केल लावायचा आणि माउसने लांबी, क्षेत्रफळ, नग मोजायचे, अशा प्रकारच्या टेकऑफ (ड्रॉइंगवरून कामाची मापे काढणाऱ्या) सॉफ्टवेअरचा हा अनुभव आहे. फ्लोअरिंग, प्लास्टर, रंगकाम, सीलिंग यांत वेळ खरोखर वाचतो. सळईच्या कामात जवळजवळ काहीच वाचत नाही.

सगळे अवलंबून असते ते स्केलवर. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात १:१०० लिहिलेले असते आणि यादीतून तेच निवडण्याचा मोह होतो. पण ए१ आकाराचे ड्रॉइंग ए३ वर छापून पीडीएफ केले असेल, तर लांबी निम्मी आणि क्षेत्रफळ पाव येते. ही चूक निदान डोळ्यांत भरते. ए१ चे ए२ झालेले जास्त घातक, कारण लांबी सुमारे २९ टक्के कमी येते आणि खोली थोडी लहान आहे एवढेच वाटते. क्षेत्रफळ मात्र निम्मे झालेले असते. म्हणून प्रत्येक पानावर लिहिलेल्या मापावरूनच कॅलिब्रेट करा, म्हणजे त्या मापाच्या दोन टोकांवर क्लिक करून स्केल ठरवा, आणि तेही लांब मापावर. १ मीटरच्या दारावर क्लिक १० मिलिमीटरने चुकली की लांबीत १ टक्का आणि क्षेत्रफळात २ टक्के फरक पडतो. तीच चूक कॉलमच्या २० मीटरच्या ग्रिडवर नगण्य ठरते. मग एक आडवे आणि एक उभे माप तपासा. स्कॅन केलेला कागद एकाच दिशेने ताणलेला असू शकतो. एकाच पानावर प्लॅन १:१०० आणि डिटेल १:२० असेल, तर दोन्हींचे स्केल वेगळे लावता येतात की नाही हे घेण्याआधीच पाहावे.

कॅडमधून थेट काढलेल्या पीडीएफमध्ये रेषा व्हेक्टर (ठिपक्यांच्या नव्हे, खऱ्या रेषा) असतात, त्यामुळे कर्सर कोपऱ्याला बरोबर चिकटतो. स्कॅनमध्ये ही सोय नाही. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) स्कॅनमध्ये १:१०० ला एक पिक्सेल म्हणजे जागेवरचे साधारण ८.५ मिलिमीटर. वीटकामाला ते चालते, पण काचेच्या किंवा फर्निचरच्या मापाला अजिबात नाही. आणि लिहिलेले माप व मोजलेले माप जुळत नसेल, तर लिहिलेले धरायचे.

भिंती मोजताना रेष कुठून ओढली यावर उत्तर बदलते. आतून ४ × ३ मीटरची खोली, भिंत २०० मिलिमीटर, उंची ३ मीटर घ्या. आतल्या कडेने मोजले तर ८.४० घनमीटर, बाहेरच्या कडेने ९.३६ आणि सेंटर लाइनने, म्हणजे जाडीच्या मधोमध, ८.८८. बरोबर उत्तर सेंटर लाइनचे. मधली भिंत येऊन टेकते तिथे, टी जोडावर, अर्धी जाडी म्हणजे १०० मिलिमीटर वजा करावी लागते. सॉफ्टवेअर ही वजावट स्वतःहून करत नाही. दारे-खिडक्यांची वजावटही आपणच लावायची, आणि किती मोठ्या उघडीपासून ती धरायची हे करारातल्या मोजमाप पद्धतीवर ठरते.

काँक्रीटमध्ये दुहेरी मोजणी हा नेहमीचा घोटाळा. स्लॅबचा पॉलिगॉन (क्षेत्रफळासाठी ओढलेली आकृती) बीमवरूनही जातो. तेव्हा ५०० मिलिमीटर खोलीच्या बीमला, स्लॅब १२५ असेल तर, ३७५ एवढीच खोली द्या. पूर्ण ५०० दिली तर २०० रुंदीच्या बीममागे दर १० मीटरला पाव घनमीटर काँक्रीट जादा मोजले जाते. उतरत्या छपराचेही तसेच. प्लॅनवरचे क्षेत्रफळ ३० अंशांच्या उताराला १.१५५ ने गुणावे लागते. उतार भरायची जागा असते, पण ती रिकामी राहिली तरी सॉफ्टवेअर हरकत घेत नाही.

चिन्हे आपोआप मोजण्याची सोय छान आहे, पण विसंबू नका. लेजंडमधले (चिन्हांच्या अर्थाच्या यादीतले) चिन्हही ती मोजते, फिरवलेले किंवा अक्षरांखाली दबलेले सोडते. शोध फक्त प्लॅनच्या भागापुरता मर्यादित करा आणि आकडा दारांच्या शेड्यूलशी, म्हणजे यादीशी, ताडून पाहा.

सळईबद्दल स्पष्टच सांगायचे तर प्लॅनवर एक रेष आणि शेजारी ‘१० मिमी @ १५०’ (१० मिमी जाडीची सळई दर १५० मिमीला) एवढेच असते. ६ मीटरच्या पट्ट्यात त्या ४१ सळया होतात, पण सॉफ्टवेअरला एकच रेष दिसते. लॅप (जोडावर दोन सळया एकमेकींवर येतात तो भाग), हूक, वाकवणीची लांबी यांतले काहीच त्याला कळत नाही. बार बेंडिंग शेड्यूल (सळयांची लांबी, आकार आणि नग यांचा तक्ता) एक्सेलमध्येच करावे. लांबी तेवढी ड्रॉइंगवरून घ्यावी.

सुधारित ड्रॉइंग आले की या साधनाची खरी किंमत कळते. जुने आणि नवे पान दोन रंगांत एकावर एक ठेवले की बदललेली भिंत लगेच उठून दिसते. मात्र जुनी मापे आपोआप सरकत नाहीत. आधी फाइलची प्रत ठेवा, पान बदलल्यावर स्केल पुन्हा तपासा, आणि बदलेल तेवढेच नव्याने ओढा.

एक्सेलमध्ये नेताना नावांची शिस्त लागते. ‘भिंत-२००-मजला-१’ असे पहिल्या दिवसापासून लिहिले तर बेरीज सरळ होते. नाही तर ‘भिंत’ नावाच्या शेकडो ओळी समोर येतात. वेस्टेज (वाया जाणारा माल) वेगळ्या रकान्यात ठेवा. निव्वळ क्वांटिटीत ते मिसळले की बिल तपासताना काहीच जुळत नाही.

घ्यायचे ठरवत असाल तर चाचणीच्या मुदतीत कंपनीचे नमुना ड्रॉइंग वापरू नका. तुमच्याकडचे सर्वांत खराब स्कॅन आणि दोन सुधारणा झालेला एक सेट घ्या, आणि हाताने काढलेल्या मापांशी आयटमनिहाय ताडा.