‘मुक्त’ फॉन्ट: अक्षरे देखणी, परवाना त्याहून मोलाचा

मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेला ‘मुक्त’ हा देवनागरी फॉन्ट लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. त्यात सात वजने, म्हणजे अक्षरांच्या जाडीचे सात प्रकार आहेत, सोबतची रोमन अक्षरे देवनागरीशी जुळतात, आणि गुजराती, गुरुमुखी व तमिळ लिपींसाठी त्याची भावंडेही उपलब्ध आहेत. तिरपा टाइप मात्र नाही, आणि संदर्भग्रंथ जुळवताना ही उणीव जाणवते.

तरीही छोट्या प्रकाशकाला हा फॉन्ट मी सुचवतो, तो मुख्यतः त्याच्या परवान्यामुळे. विकतच्या फॉन्टमध्ये छपाई, संकेतस्थळ, अ‍ॅप आणि ई-पुस्तक यांसाठी बहुधा वेगवेगळे परवाने घ्यावे लागतात, संगणकांची संख्या मोजली जाते, आणि दिवाळी अंकाची ई-आवृत्ती काढायची ठरली की पुन्हा पैसे मोजावे लागतात. ‘मुक्त’ मिळतो तो एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स या फॉन्टसाठीच्या खुल्या परवान्याच्या १.१ या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीखाली. फॉन्टबरोबर येणारा तिचा मजकूर एका बैठकीत वाचून होतो. फॉन्ट वापरणे, त्याच्या प्रती वाटणे, त्यात बदल करणे, तो पीडीएफमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये अंतर्भूत करणे, या साऱ्याला त्यात परवानगी आहे, आणि व्यावसायिक वापरासाठी वेगळी अट नाही. या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पुस्तकाला परवाना लागू होत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे पुस्तकाचे हक्क लेखक-प्रकाशकांकडेच राहतात.

अटी मोजक्या आहेत, पण पक्क्या आहेत. फॉन्ट सुटा विकता येत नाही. एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर तो विकता येतो, आणि ते सॉफ्टवेअर अगदी क्षुल्लक असले तरी चालते, असे मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने नोंदवले आहे. त्यामुळे ही अट मला जाचक वाटत नाही. बदललेला फॉन्ट वाटायचा तर तो याच परवान्याखाली वाटावा लागतो, आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर त्याच्या लेखी परवानगीशिवाय ते नाव वापरता येत नाही. हे बंधन मला न्याय्य वाटते, कारण कोणीतरी बिघडवलेल्या जोडाक्षरांचा दोष त्यामुळे मूळ रचनाकाराच्या माथी येत नाही.

फॉन्टमध्ये दोष निघाल्यास कर्ता कोणतीही जबाबदारी घेत नाही, म्हणून अंक छापायला देण्यापूर्वी ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि अवघड जोडाक्षरे स्वतः तपासून घ्यावीत. परवाना इंग्रजीत आहे आणि त्याची भाषा कायद्याची आहे. मराठी प्रकाशकांपर्यंत तो पोहोचायचा तर सोबत सुबोध मराठी टिपण असायला हवे.

छापखान्याला मांडणीच्या फाइलींबरोबर फॉन्ट पाठवणे म्हणजे त्याची प्रत वाटणेच होय, आणि अशा प्रत्येक प्रतीबरोबर स्वामित्वहक्काची सूचना व परवाना असणे बंधनकारक आहे. अनेक डीटीपीवाले परवान्याच्या मजकुराची फाइल अनावश्यक समजून काढून टाकतात. ती फॉन्टच्या फोल्डरमध्ये तशीच राहू द्यावी.