सामन्याचे चित्रीकरण आणि रिप्लेची सेवा: सोलापुरातील तीन दिवसांचा अनुभव

गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आमच्या मंडळाने विजापूर रोडच्या बाजूच्या एका मैदानावर सोळा संघांची बाद पद्धतीची फुटबॉल स्पर्धा भरवली आणि उपांत्यपूर्व फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंतच्या सात सामन्यांसाठी, शहरात लग्नकार्याचे शूटिंग करणाऱ्या एका व्यावसायिकाकडून रिप्लेची सेवा भाड्याने घेतली. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण आमच्या तक्रारी त्यांना समोर बसून सांगून झालेल्या आहेत. परंतु अशी सेवा आता इतर मंडळेही घेऊ लागतील, म्हणून काय ठरले होते, काय मिळाले आणि त्याचा खेळावर काय परिणाम झाला, हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

ठरले होते ते असे. तीन कॅमेरे: एक मैदानाच्या मध्यरेषेच्या समोर, लोखंडी परांचीच्या उंचीवर, आणि दोन प्रत्येकी एका गोलच्या मागे. मांडवात एक मोठा टॅब, तो चालवणारा एक मुलगा, जनरेटरची जोडणी आणि स्पर्धा संपल्यावर सर्व सामन्यांचे चित्रीकरण पेनड्राइव्हवर. दिवसाला साडेसहा हजार रुपये, म्हणजे तीन दिवसांचे 19,500. आमच्या मंडळासाठी ही रक्कम लहान नाही. उपविजेत्या संघाच्या बक्षिसापेक्षा ती जास्त होती आणि वर्गणीदारांना तिचे कारण समजावून सांगताना आम्हाला दोन बैठका घालवाव्या लागल्या.

कारण होते गेल्या वर्षीचा अंतिम सामना. त्यात एक गोल नाकारला गेला, रेफ्रींनी शिट्टी वाजवून खेळ पुढे नेला, आणि त्याच रात्री कुणीतरी कुंपणापलीकडून मोबाइलवर टिपलेली बारा सेकंदांची चित्रफीत शहरभर फिरली. चेंडू आत गेल्याचे तिच्यात स्पष्ट दिसत होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, तीस वर्षे विनामूल्य शिट्टी वाजवणारे आमचे रेफ्री त्यानंतर दोन महिने मैदानावर आले नाहीत. ज्या मैदानावर शंभर लोकांच्या खिशात कॅमेरा असतो, तेथे त्या कॅमेऱ्यातले चित्र पाहण्याची मुभा नसलेला एकच माणूस असतो आणि निर्णय मात्र त्यालाच द्यायचा असतो, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. रिप्लेमुळे रेफ्रीचा मान कमी होतो असे म्हणणाऱ्यांनी त्या दोन महिन्यांचा विचार करावा.

हा प्रश्न केवळ गल्लीतल्या स्पर्धांचा नाही. 11 जून 2024 रोजी दोहा येथे विश्वचषक पात्रता फेरीच्या सामन्यात भारत कतारविरुद्ध एका गोलने पुढे होता. लल्लिअनझुआला छांगटेने 37 व्या मिनिटाला तो गोल केला होता. 73 व्या मिनिटाला भारताचा गोलकीपर गुरप्रीत सिंग संधूने अडवलेला चेंडू गोलरेषेबाहेर गेला, तेथून तो परत आत ओढला गेला, कतारच्या युसूफ आयमनने तो जाळ्यात मारला आणि गोल दिला गेला. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफ्रीला मदत करणारे पंच, नव्हते. भारत 2-1 ने हरला आणि पुढच्या फेरीत जाण्याची संधी गेली. ज्यांनी तो सामना रात्री जागून पाहिला, त्यांना व्हिडिओची मदत असावी की नसावी, हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

तरीही टीव्हीवर दिसते ती व्यवस्था जशीच्या तशी सोलापुरात आणणे अशक्य आहे, हे आम्हाला ठाऊक होते. फुटबॉलचे नियम करणाऱ्या इफॅबने मार्च 2018 मध्ये व्हीएआर नियमांत घेतले, ते रशियातील विश्वचषकात वापरले गेले, आणि 2022 च्या कतार विश्वचषकात ऑफसाइडसाठी, म्हणजे पास दिला जाताना पुढचा खेळाडू बचावपटूंच्या पुढे निघून गेला होता का हे पाहण्यासाठी, छताखाली बारा विशेष कॅमेरे लावून प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील 29 बिंदूंचा सेकंदाला पन्नास वेळा माग घेतला गेला. आम्हाला जवळची वाटली ती 2024 मध्ये फिफाने कोलंबियातील वीस वर्षांखालील महिलांच्या विश्वचषकात वापरून पाहिलेली साधी पद्धत. तिच्यात वेगळ्या खोलीत बसलेला व्हिडिओ पंच नसतो. प्रत्येक संघाला दोन वेळा दाद मागता येते, रेफ्री स्वतः मैदानाकडेच्या पडद्यावर पाहतो आणि निर्णय बदलला तर संघाची मागणी शिल्लक राहते. क्रिकेटचा डीआरएस आणि प्रो कबड्डीतला रिव्ह्यू पाहिलेल्या आपल्या प्रेक्षकांना ही रीत समजावून सांगावीच लागली नाही. आम्ही प्रत्येक संघाला एकच मागणी दिली आणि ती गोल, पेनल्टी व थेट लाल कार्ड यांपुरती ठेवली. थ्रो-इन, कॉर्नर, दुसरे पिवळे कार्ड यांवर दाद नाही. यंत्रणा बंद पडली तरी सामना ग्राह्य धरला जाईल, हे व्हीएआरच्या नियमातले कलम आम्ही प्रवेशपत्रिकेवर छापून घेतले, आणि शुक्रवारी जनरेटर वीस मिनिटे बंद पडला तेव्हा त्याचा उपयोग झाला.

शुक्रवारचा दिवस एकूण चांगला गेला. तिन्ही कॅमेरे वेळेवर आले, तिन्ही चालवणारी मुले कामाला तरबेज होती. तिसऱ्या सामन्यात पेनल्टी क्षेत्रात एका बचावपटूच्या अंगावर चेंडू आदळला आणि रेफ्रींनी हँडबॉल देऊन पेनल्टीच्या खुणेकडे बोट दाखवले. तो मुलगा जेमतेम अठराचा असेल. हात छातीवर आपटून ‘सर, इथं लागलं, इथं,’ एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्या प्रशिक्षकांनी दाद मागण्यासाठी आम्ही दिलेले निळे कार्ड वर केले. रेफ्री मांडवात आले, पण दुपारच्या अडीचच्या उन्हात टॅबच्या काचेवर त्यांना स्वतःचाच चेहरा दिसत होता. शेवटी मंडळातल्या एकाने काळी सतरंजी आणून त्यांच्या डोक्यावर आणि टॅबवर धरली आणि त्या अंधारात गोलमागच्या कॅमेऱ्याचे चित्र तीन वेळा पाहून ते बाहेर आले. चेंडू छातीवर लागला होता. त्यांनी पेनल्टी रद्द केली, नियमाप्रमाणे ड्रॉप बॉल, म्हणजे रेफ्रीने हातातून जमिनीवर सोडलेला चेंडू, गोलकीपरकडे दिला आणि खेळ सुरू करण्याआधी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले. माझ्या मते त्या एका मिनिटात आमचे साडेसहा हजार वसूल झाले.

याच प्रसंगी सेवेतला एक दोषही लक्षात आला. रेफ्री सतरंजीखाली पाहत असतानाच टॅबवरचा मुलगा ‘सर, हँड नाही, छातीच आहे,’ असे मोठ्याने बोलून गेला. त्याचा हेतू मदतीचा होता, परंतु यंत्र चालवणाऱ्याने निर्णय बोलायचा नसतो. बोलण्यातल्या गफलतीने काय होते याचे उदाहरण 30 सप्टेंबर 2023 च्या टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्यात जगाने पाहिले आहे. लिव्हरपूलच्या लुईस दियाझचा वैध गोल मैदानावर ऑफसाइड ठरला होता. व्हिडिओ पंचाचा समज मात्र मैदानावर गोल दिला आहे असा झाला आणि त्याने तपासणी पूर्ण झाल्याचे कळवले. खेळ पुन्हा सुरू झाला आणि चूक तशीच राहिली. चित्र बरोबर होते, शब्द चुकले. आमच्या व्यावसायिकांनी मात्र सूचना लगेच मानली. त्यानंतर तो मुलगा ‘मागं घेऊ का पुढं?’ याखेरीज काही बोलला नाही.

माझी खरी तक्रार शनिवारची आहे. त्या दिवशी लग्नाची मोठी तिथी होती. दोन उपांत्य सामने असताना सकाळी दोनच कॅमेरे आले. तिसरा कॅमेरा आणि तो चालवणारा मुलगा अक्कलकोट रोडवरच्या एका मंगल कार्यालयात पाठवला होता आणि हे आम्हाला कुणी आधी कळवले नव्हते. रस्त्याच्या बाजूच्या गोलमागे त्यामुळे काहीच नव्हते. एक कॅमेरा कमी म्हणजे सेवा एक तृतीयांश कमी, असा हिशेब करून संध्याकाळी पैसे वजा करण्यात आले. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे दुसऱ्या सामन्यात दिसले.

सामना 1-1 असा बरोबरीत होता आणि शेवटची आठ मिनिटे उरली होती. डाव्या बगलेच्या खेळाडूने रस्त्याकडच्या गोलरेषेपर्यंत चेंडूचा पाठलाग केला, पाय लांबवून तो मागे ओढला आणि धावत आलेल्या साथीदाराने गोल केला. बचाव करणाऱ्या चौघांनी एकाच वेळी हात वर केले: चेंडू बाहेर गेला होता. लाइनमन पलीकडच्या बाजूला, आणि मध्ये दोन खेळाडू. रेफ्रींनी गोल दिला, निळे कार्ड वर झाले आणि मांडवात सर्वांनी टॅबभोवती गर्दी केली. मध्यरेषेवरच्या परांचीवरून, पन्नास मीटर अंतरावरून तिरपे घेतलेले ते चित्र होते. फुटबॉलच्या नियमानुसार संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेच्या पलीकडे गेला पाहिजे. चेंडूचा व्यास साधारण 22 सेंटिमीटर असतो आणि त्याचा फुगीर भाग केसभर जरी रेषेवर असला तरी चेंडू खेळातच असतो. 1 डिसेंबर 2022 रोजी जपान-स्पेन सामन्यात जपानच्या काओरू मितोमाने मागे ओढलेला चेंडू बाजूने पाहता बाहेर वाटत होता, पण रेषेच्या सरळ वरून घेतलेल्या चित्रात त्याची कड रेषेवर दिसली आणि गोल ग्राह्य ठरला. म्हणजे प्रश्न कॅमेरा किती चांगला याचा नव्हताच. तो कुठे उभा आहे याचा होता. आमच्याकडे त्या ठिकाणी कुणीच उभे नव्हते. त्यातच सकाळी मारलेली फक्की दोन सामन्यांच्या पायांनी पुसून तेथे नुसता पांढुरका पट्टा उरला होता. हा दोष मात्र आमचा, सेवेचा नव्हे. रेफ्रींनी चार वेळा पाहिले, सतरंजी बाजूला केली आणि म्हणाले, ‘दिसत नाही. मैदानावर दिलेला निर्णय कायम.’ नियमाला धरून तेच योग्य होते. दाद मागणारा संघ 2-1 ने हरला.

आदल्या दिवशी अशीच शंका दुसऱ्या टोकाला आली होती आणि गोलमागच्या कॅमेऱ्यात चेंडू बाहेर गेल्याचे ठळक दिसल्याने गोल रद्द झाला होता. एका टोकाला दाद लागते आणि दुसऱ्या टोकाला लागत नाही, अशी व्यवस्था ही व्यवस्था नसल्यापेक्षा वाईट आहे. रिप्ले मुळातच नसता तर दोन्ही संघ रेफ्रींच्या डोळ्यांवर सारखेच अवलंबून राहिले असते. म्हणून तीनपैकी एक कॅमेरा आला नाही तर त्या दिवसाची रिप्लेची सेवा बंद ठेवून पूर्ण रक्कम परत करावी, असे माझे ठाम मत आहे.

ऑफसाइडच्या बाबतीत या सेवेकडून अपेक्षा ठेवू नये. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत कॅमेरा नसेल तर चित्र फसवते. शिवाय लग्नाचे कॅमेरे सेकंदाला 25 चित्रे घेतात; जोरात धावणारा खेळाडू सेकंदाला साडेसात मीटर जात असेल तर दोन चित्रांच्या मधल्या वेळात तो 30 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. एवढ्या फरकावर कुणाचा गोल हिरावून घेणे धाडसाचे आहे. अंतिम सामन्यात ऑफसाइडची एक मागणी आली, ती आम्ही नियमातल्या ‘स्पष्ट आणि उघड चूक’ या कसोटीवर तपासली आणि फेटाळली.

लोकांचा एक आक्षेप वेळेचा असतो. मी घड्याळ लावून पाहिले: एका तपासणीला दोन ते तीन मिनिटे लागली. सात सामन्यांत नऊ मागण्या आल्या, तीन निर्णय बदलले, दोन वेळा चित्रात काहीच उमगले नाही. एवढ्याने खेळाची लय बिघडली असे मला वाटले नाही. उलट निळे कार्ड वर झाले की रेफ्रींभोवती होणारे कोंडाळे थांबले, कारण ओरडून काही मिळत नाही आणि कार्ड वापरून मिळू शकते, हे खेळाडूंना पहिल्याच दिवशी कळले. रेफ्रींशी हुज्जत घातल्याबद्दल द्यावे लागणारे पिवळे कार्ड त्या तीन दिवसांत एकदाही निघाले नाही. सगळेच वाद चित्राने सुटत नाहीत, हेही खरे. 3 मार्च 2023 रोजी बेंगळुरूत सुनील छेत्रीने घाईने घेतलेल्या फ्री किकवर गोल झाला आणि केरळा ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. तेथे भांडण चेंडूचे नव्हते, रेफ्रीने परवानगी दिली होती की नाही याचे होते, आणि ते कोणत्याही कॅमेऱ्यात टिपले जात नाही.

रविवारी तिन्ही कॅमेरे आले. सोबत व्यावसायिक स्वतः आले, आतून काळा कागद लावलेला पुठ्ठ्याचा खोका त्यांनी टॅबसाठी करून आणला होता आणि त्यात उन्हातही चित्र स्वच्छ दिसले. पेनड्राइव्ह तिसऱ्या दिवशी मिळाला. चित्रण सुस्पष्ट आहे, प्रत्येक सामन्याची फाइल वेगळी आहे आणि गोलचे तुकडे न सांगता वेगळे काढून दिले आहेत. कामाची ओढ असलेला माणूस आहे, यात शंका नाही. पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्याकडेच जाणार आहोत, मात्र लेखी करार करून: दोन्ही गोलमागे कॅमेरे उभे राहिल्याशिवाय विसार देणार नाही, स्पर्धेच्या दिवसांत लग्नाची ऑर्डर घेतल्यास पूर्ण पैसे परत, आणि मध्यंतराला फक्की पुन्हा मारण्याची जबाबदारी मंडळाची.

उपांत्य सामना हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकांनी त्या सामन्याची फाइल मागून नेली. आठवड्याने ती परत करायला आले तेव्हा त्यांनाही चेंडू आत होता की बाहेर, हे सांगता आले नाही. पुढच्या वर्षी रस्त्याकडच्या गोलमागचा कॅमेरा आधी दाखवा, मग आम्ही प्रवेश फी भरू, असे ते म्हणाले, आणि त्यांची अट आम्ही मंडळाच्या वहीत लिहून घेतली आहे.