बोलेरो: पांदण रस्त्यासाठी अजूनही पहिली पसंती

यवतमाळ-वाशिमकडच्या खेड्यांत बोलेरो विकून पुन्हा बोलेरोच घेणारे पुष्कळ. कारण मजबूत चेसिस, मागे धक्के झेलणारे लोखंडी पाटे (लीफ स्प्रिंग) आणि तालुक्याच्या मिस्त्रीला पाठ असलेली गाडी. १४९३ सीसीचं डिझेल इंजिन ७५ एचपीचंच, त्यामुळे हायवेला ओव्हरटेक करताना धीर धरा. चिखलात मात्र खालच्या गिअरात ती चांगली ओढते.

खरी काळजी इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरची. कापूस वेचणीच्या दिवसांत रुई आणि धूळ जाळीत गच्च बसते, मग उन्हाळ्यात टेम्परेचरचा काटा चढतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) बदलण्याआधी जाळी बघा. इंजिन थंड झाल्यावर पाणी आतल्या बाजूनं बाहेर, कमी दाबानं मारा; जोरात मारलं तर पातळ पाकळ्या वाकतात आणि हवा अडते. एअर फिल्टरही तेव्हाच झटका.

क्लच सोडताना खालून 'टक्' आवाज आला तर आधी प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) तपासा. पावसाळ्यात चिखलपाणी शिरून त्याचं ग्रीस संपतं. कॅनमधलं डिझेल भरत असाल, तर डिझेल फिल्टरमधलं पाणी वरचेवर काढा.

रिकामी गाडी मागून फार आपटते. म्हाताऱ्या माणसांना मागच्या आडव्या बाकांवर बसवूच नका, मधली सीट द्या.